फोनवर तपासलं, त्याचा कागद कुठे आहे?

२०२० सालच्या मेडिक्लेमच्या फायलींमध्ये एक कागद हमखास सापडतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्क्रीनशॉटची काळी-पांढरी झेरॉक्स. वर कॉन्टॅक्टचं नाव 'डॉक्टर नवा नंबर'. खाली चार ओळी: पॅरासिटामॉल ६५० तीन वेळा, पाच दिवस, पाणी भरपूर, ताप राहिला तर कळवा. तारखेच्या जागी 'आज'. हा 'आज' नेमका कुठला? रुग्ण कोण, सल्ला देणारा कोण, त्याची पदवी काय, पैसे किती दिले? यातलं काहीच त्या कागदावर नाही. टीपीएचा, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेचा, माणूस तो कागद बाजूला काढतो आणि क्वेरी, म्हणजे खुलासा मागणारी विचारणा, टाकतो.

गंमत अशी की त्या चार ओळी म्हणजे खरेखुरे उपचार होते. लोकल बंद, कोपऱ्यावरचा दवाखाना बंद, इमारत सील, खाली बांबू बांधलेले. फॅमिली डॉक्टरने फोनवर दहा मिनिटं विचारपूस करून दिलेला सल्ला त्या दिवसांत अनेकांना पुरला. अडलं ते पुढे, विमा कंपनीच्या टेबलावर, कारण विमा कागदावर चालतो आणि फोन कागद मागे ठेवत नाही. तो आपल्याला मागून घ्यावा लागतो, आणि त्याच दिवशी. ही पोस्ट त्याबद्दल आहे. करोना ओसरला तरी फोनवर डॉक्टरांना विचारायची सवय राहिली आहे, आणि पावसाळ्यात डेंग्यू, लेप्टोचा ताप आला की क्लेमच्या फायलीत तोच स्क्रीनशॉट पुन्हा दिसतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. फोनवर औषध सांगणं हे आपल्याकडे बरीच वर्षं कायद्याच्या दृष्टीने धूसर होतं. त्यात २०१८ साली रत्नागिरीतल्या एका बाळंतिणीच्या मृत्यूच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. तिथे डॉक्टर हजर नसताना फोनवरच्या सूचनांवर रुग्ण दाखल झाली होती. तेव्हापासून अनेक डॉक्टर फोनवर 'उद्या येऊन दाखवा' यापलीकडे बोलायला धजत नव्हते. २५ मार्च २०२० ला, म्हणजे लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि डॉक्टरांच्या वर्तणुकीच्या २००२ च्या नियमावलीला जोडली गेली. आवाजी कॉल, व्हिडिओ कॉल, लेखी मेसेज, ईमेल हे सगळे मार्ग त्यात बसले. ११ जून २०२० ला विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, विमा कंपन्यांना कळवलं की पॉलिसीत डॉक्टरांचा सल्ला जिथे मान्य आहे तिथे टेलिमेडिसिनही मान्य करा.

आयआरडीएआयचं हे परिपत्रक नीट वाचायला हवं. 'आता फोनची फी मेडिक्लेममधून मिळते' असे फॉरवर्ड त्या महिन्यात सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होते. परिपत्रकात तसं काही नव्हतं. ज्या पॉलिसीत ओपीडी, म्हणजे दाखल न होता घेतलेले उपचार, नाहीच, तिच्यात फोनवरच्या सल्ल्याने ओपीडी येत नाही. ज्यात आहे, तिथली वर्षाची किंवा महिन्याची मर्यादा जशीच्या तशी लागू राहिली, कसलीही सूट नाही. प्रत्यक्ष जाऊन मिळालं असतं तेवढंच फोनवर मिळणार, इतकाच त्याचा अर्थ.

मग साध्या मेडिक्लेमवाल्याला या फोनचा उपयोग कुठे? बहुतेक पॉलिसी चोवीस तास अ‍ॅडमिट झाल्यावरच पैसे देतात हे खरं. पण अ‍ॅडमिट होण्याआधीचे आणि डिस्चार्जनंतरचे ठरावीक दिवस त्यात धरलेले असतात. १ एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांनी विकायला घेतलेल्या आरोग्य संजीवनी या पॉलिसीत आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस आहेत. करोनापुरत्या काढलेल्या करोना कवच पॉलिसीत ते १५ आणि ३० होते. त्याच आजारासाठी या दिवसांत डॉक्टरांशी फोनवर बोललात, तर ती फी, त्या चिठ्ठीवरची औषधं आणि त्या चिठ्ठीवर लिहिलेल्या तपासण्या क्लेममध्ये येतात.

खरं नुकसान फीचं नसतंच. समजा काळाचौकीच्या एका घरात २०२० च्या जुलैत ताप आला, १४, १६ आणि १८ ला डॉक्टरांशी बोलणं झालं, दर वेळी तीनशे रुपये, आणि २० जुलैला अ‍ॅडमिट केलं. फीचे झाले नऊशे. पण मधल्या काळात घरी येऊन स्वॅब नेला. त्याचा राज्य सरकारने बांधलेला दर तेव्हा २,८०० रुपये होता. शिवाय रक्ताच्या दोन-तीन तपासण्या आणि औषधं. ही बिलं 'कोणाच्या सांगण्यावरून' या प्रश्नाला उत्तर मागतात. चिठ्ठी नसेल तर नऊशेबरोबर तीही बाजूला पडतात.

इथे मुंबईकरांचा आणखी एक घोटाळा झाला. ७ जुलै २०२० पासून महापालिकेने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय करोना चाचणी करायला परवानगी दिली. निर्णय चांगलाच होता, साथ आटोक्यात आणायची तर चाचणीच्या वाटेत अडथळा नको. पण लॅबने चिठ्ठी मागितली नाही म्हणून लोकांनी ती घेतलीच नाही, आणि विमा कंपनीने मात्र मागितली. पालिकेचा नियम चाचणी करण्यापुरता होता, तिचे पैसे परत मिळवण्यापुरता नव्हता. एचआरसीटीचं, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचंही तसंच. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सीटीचे दर मशीनप्रमाणे २,०००, २,५०० आणि ३,००० असे बांधले. दर बांधला तरी 'छातीचा सीटी करावा' ही ओळ डॉक्टरांच्या हाताची लागतेच.

चिठ्ठीवर काय असायला हवं

मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे डॉक्टर सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो, स्कॅन किंवा डिजिटल प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर पाठवू शकतात. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप हे माध्यम चालतं. नुसता टाइप केलेला मेसेज म्हणजे चिठ्ठी नव्हे. फरक एवढाच आहे आणि निम्म्या क्वेरी याच फरकावर येतात.

डॉक्टरांनी लेटरहेडवर पेनने लिहून मोबाइलने फोटो काढला तरी पुष्कळ. त्या फोटोत वरपासून खाली बघत जा. डॉक्टरांचं नाव, पदवी, पत्ता. मग रजिस्ट्रेशन नंबर. टेलिमेडिसिनमध्ये तो चिठ्ठीवर आणि पावतीवर देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि नेमका तोच फोटोच्या कडेला कापला जातो. कारण आपल्याकडच्या लेटरहेडवर तो उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो आणि फोटो काढणाऱ्याचं लक्ष औषधांच्या नावांवर असतं. त्यानंतर तारीख, रुग्णाचं नाव, वय, स्त्री की पुरुष. तक्रार कधीपासून आहे. निदान, निदान पक्कं नसेल तर संशय काय आहे. औषधाचं नाव, ताकद, दिवसातून किती वेळा, किती दिवस. कराव्या लागणाऱ्या तपासण्या. खाली सही. 'फोनवरून सल्ला' असे दोन शब्द कोपऱ्यात टाकले तर सोन्याहून पिवळं, कारण दवाखाना बंद असताना हा रुग्ण तपासला कसा, असा प्रश्न मग उरत नाही.

'तक्रार कधीपासून' ही ओळ बहुतेकांना भरताड वाटते. क्लेममध्ये तीच सगळ्यात जड असते. 'पाच दिवसांपासून ताप' आणि 'दोन दिवसांपासून ताप' यांत पॉलिसीच्या पहिल्या काही दिवसांचा वेटिंग पीरियड, म्हणजे क्लेम न मिळण्याचा काळ, संपलाय की नाही हे ठरू शकतं. करोना कवचमध्ये हा पीरियड १५ दिवसांचा होता. फोनवर लोक 'परवापासून' म्हणतात, डॉक्टर घाईत 'तीन-चार दिवस' लिहितात, आणि मग चिठ्ठीवरची तारीख आणि हॉस्पिटलच्या केसपेपरवरची तारीख जुळत नाही. उपाय सोपा आहे: बोलताना तारीख सांगा. 'रविवारी, १२ तारखेला रात्री पहिल्यांदा अंग तापलं.'

नावाचा घोळ तर आपला घरचाच. फोन मुलगा लावतो, डोंबिवलीतून. आजारी आई लालबागला. डॉक्टरांच्या फोनमध्ये नंबर मुलाच्या नावाने सेव्ह, म्हणून चिठ्ठीही मुलाच्या नावाने येते. किंवा चिठ्ठीवर 'मावशी' नाहीतर 'सौ. सावंत' एवढंच. विम्याच्या कार्डावर जे पूर्ण नाव आहे तेच चिठ्ठीवर, पावतीवर आणि लॅबच्या रिपोर्टवर हवं. लग्नानंतर पॉलिसीत एक आडनाव आणि आधारवर दुसरं असेल तर पॉलिसीतलं सांगा. आईऐवजी मुलगा बोलणार असेल तर कॉन्फरन्स कॉलवर आईला घ्या आणि 'मीच बोलायला सांगितलंय' एवढं तिलाच म्हणू द्या. रुग्णाने स्वतः फोन लावला तर त्याची संमती गृहीत धरली जाते. दुसरा कोणी बोलत असेल तर नात्याची आणि अधिकाराची खात्री डॉक्टरांना करून घ्यावी लागते. रुग्ण लहान मूल असेल तर मोठं माणूस फोनवर हवंच.

गिरणगावात, चाळींमध्ये, झोपडपट्टीत फॅमिली डॉक्टर म्हणजे बहुधा बीएचएमएस किंवा बीएएमएस. 'त्यांची चिठ्ठी चालत नाही' असं कोणी सांगितलं तर लगेच विश्वास ठेवू नका. पॉलिसीतल्या 'मेडिकल प्रॅक्टिशनर'च्या व्याख्येत होमिओपॅथी आणि भारतीय वैद्यकाच्या परिषदांकडे नोंदणी असलेले डॉक्टरही येतात, फक्त ते आपल्या परवान्याच्या कक्षेत काम करत असले पाहिजेत. त्यांच्या परिषदांनीही एप्रिल २०२० मध्ये टेलिमेडिसिनचे वेगळे नियम काढले होते. अडचण येते ती होमिओपॅथीच्या लेटरहेडवर महागडी अँटिबायोटिक दिसली की. आणि घरातलाच डॉक्टर, म्हणजे भाऊ, सून, जावई, हा बहुतेक पॉलिसींत चालत नाही. सल्ला त्यांचाच घ्या, पण चिठ्ठी दुसऱ्याची घ्या.

पावती ही चिठ्ठीहून वेगळी

यूपीआयचा 'पेमेंट यशस्वी' हा स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे. त्यातून पैसे गेल्याचं कळतं, कशासाठी गेले ते कळत नाही. फोनवरच्या सल्ल्याची फी घेतली की पावती देणं हे डॉक्टरांच्याच नियमावलीत लिहिलेलं आहे, तेव्हा मागायला लाजायचं कारण नाही. पावतीवर नंबर, तारीख, रुग्णाचं नाव, 'टेलिफोन कन्सल्टेशन' असा उल्लेख, रक्कम आणि सही हवी. पावतीपुस्तक दवाखान्यात कुलपात असेल तर डॉक्टरांनी लेटरहेडवर या सहा गोष्टी लिहिल्या तरी भागतं. तीन कॉल झाले तर तीन पावत्या, किंवा तीन तारखा वेगवेगळ्या लिहिलेली एक. 'एकूण ९००' अशी ठोक पावती आली की क्वेरी आलीच समजा.

पैसे पाठवताना यूपीआयच्या रिमार्कमध्ये रुग्णाचं नाव आणि तारीख टाका. सहा महिन्यांनी बँकेच्या स्टेटमेंटमध्ये ती नोंद शोधताना स्वतःलाच दुवा द्याल. डॉक्टरांनी पत्नीच्या किंवा कम्पाउंडरच्या नंबरवर पैसे मागितले तर पावती आणखी जपून घ्या, कारण मग पैसे गेल्याचा पुरावा आणि डॉक्टरांचं नाव यांचा मेळ फक्त पावतीच घालते.

फोन लावण्याआधी

हा भाग विम्याचा नाही असं वाटेल. पण चिठ्ठीवर काय उतरतं ते आपण काय सांगतो यावर ठरतं. प्रत्यक्ष भेटीत डॉक्टर हात लावून, छाती ऐकून जे मिळवतात ते फोनवर आपल्यालाच मोजून द्यावं लागतं.

कागदावर आधीच लिहून ठेवा: ताप किती, किती वाजता मोजला, आणि त्याआधी पॅरासिटामॉल कधी घेतली होती. गोळी घेऊन तासाभराने मोजलेला ९९ हा आकडा 'ताप नाही' असं सांगत नाही. काखेत मोजला असेल तर तसं सांगा, काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा कमी येतो. रोजच्या औषधांच्या पट्ट्या समोर घ्या आणि नाव वाचून मिलिग्रॅमसकट सांगा. 'बीपीची छोटी गुलाबी गोळी' यावरून कोणालाही काही कळत नाही.

ऑक्सिमीटरने त्या वर्षी घराघरांत जेवढी घबराट केली तेवढी आजारानेही केली नसेल. यंत्रावर दोन आकडे असतात, एक ऑक्सिजनचा आणि एक नाडीचा. नाडीचा ८८ बघून लोक अ‍ॅम्ब्युलन्स शोधायला लागत. दुसरी गंमत आकड्यांची. यंत्रावरचे आकडे इंग्रजी असतात, आणि ९८ समोरच्या बाजूने, म्हणजे उलटा वाचला की ८६ दिसतो. रुग्णाच्या समोर उभं राहून वाचणाऱ्याची हीच फसगत होते. नेलपॉलिश काढा. हात गार असेल तर चोळून गरम करा. पाच मिनिटं शांत बसा. बोट घालून आकडा स्थिरावेपर्यंत थांबा, मग वाचा. पहिल्या दोन सेकंदांत दिसतो तो आकडा सोडून द्या.

सहा मिनिटं चालण्याची चाचणी महाराष्ट्रात तेव्हा घरोघर पोचली. बसून ऑक्सिजन मोजायचा, घरातल्या घरात सपाट जागेवर सहा मिनिटं नेहमीच्या चालीने चालायचं, आणि लगेच पुन्हा मोजायचा. आकडा ९४ च्या खाली गेला किंवा बसलेल्यापेक्षा तीनहून जास्त अंकांनी घसरला तर डॉक्टरांना लगेच कळवायचं. साठीपुढच्यांना तीन मिनिटं पुरे, आणि दमेकऱ्यांनी ही चाचणी करायची नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा मिनिटं म्हणजे कॉटला पंचवीस-तीस फेऱ्या. चक्कर येते ती कधी आजाराने नाही, सतत एकाच बाजूला वळल्याने. मध्ये दिशा बदला. श्वासही मोजा: रुग्णाला न सांगता पूर्ण एक मिनिट छाती वरखाली होताना बघा. सांगितलं की माणूस वेगळा श्वास घेतो. मोठ्या माणसात मिनिटाला २४ किंवा त्याहून जास्त भरले तर ते फोनवर पहिल्या वाक्यात सांगा.

हे आकडे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिले की क्लेमचं काम अर्धं झालं. 'ऑक्सिजन ९५, चालल्यावर ९१, अ‍ॅडमिट करावं' या एका ओळीपुढे 'दाखल होण्याची गरज नव्हती' हा विमा कंपनीचा आवडता शेरा टिकत नाही.

नवा डॉक्टर असेल तर व्हिडिओ चालू करा. पहिल्याच भेटीत नुसत्या आवाजावर डॉक्टर फक्त साधी, बिनचिठ्ठीची औषधं सांगू शकतात: पॅरासिटामॉल, ओआरएस, खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या असली. त्यापुढची काही औषधं पहिल्या भेटीत द्यायची तर व्हिडिओ लागतो. मागच्या सहा महिन्यांत त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवलं असेल तर तो फॉलोअप धरला जातो आणि फोनवर जास्त मोकळीक मिळते. म्हणून बीपी-शुगरची औषधं चालू ठेवायची असतील तर नेहमीच्या डॉक्टरांनाच फोन करा. शेड्युल एक्सची आणि १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधं टेलिमेडिसिनच्या प्रतिबंधित यादीत टाकली होती. झोपेची पट्टी संपत आली असेल तर शेवटच्या गोळीची वाट न बघता आधी विचारून घ्या.

कवच, रक्षक आणि रोजचा तक्ता

१० जुलै २०२० पासून दोन पॉलिसी एकदम बाजारात आल्या, करोना कवच आणि करोना रक्षक. नावं इतकी सारखी की घेणाऱ्यालाच आपण काय घेतलं ते आठवत नसे. रक्षक ठोक रक्कम देणारी, ७२ तास अ‍ॅडमिट झालात तरच. घरी राहून फोनवर उपचार घेतलेल्याला तिच्यातून छदाम नाही. कवच मात्र खर्च भरून देणारी, आणि तिच्यात घरचे उपचार १४ दिवसांपर्यंत बसत. औषधं, तपासण्या, डॉक्टरांची फी, नर्स, एवढंच काय, ऑक्सिमीटर, ऑक्सिजन सिलिंडर आणि नेब्युलायझरची किंमतसुद्धा.

अटी तीन होत्या आणि तिन्हींवर क्लेम घसरले. पहिली, सरकारमान्य लॅबचा पॉझिटिव्ह रिपोर्ट. सीटीत दिसलं आणि स्वॅब निगेटिव्ह आला तर पंचाईत. दुसरी, आजार असा हवा की एरवी हॉस्पिटलात उपचार लागले असते, पण ते घरी झाले. लक्षणं नसलेला माणूस चौदा दिवस खोलीत बसला, तर ते विलगीकरण झालं, उपचार नव्हे. म्हणून डॉक्टरांनी 'दाखल करण्याजोगी स्थिती, घरी देखरेखीखाली उपचार' असं कारणासकट लिहायला हवं होतं. तिसरी अट, दररोज डॉक्टरांची देखरेख आणि रोजचा तक्ता, उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सहीचा.

हा तक्ता म्हणजे शाळेच्या वहीच्या एका पानाचं काम. डावीकडे तारीख, मग सकाळ-संध्याकाळ ताप, नाडी, ऑक्सिजन, श्वास, त्या दिवशी दिलेली औषधं, डॉक्टरांशी किती वाजता बोलणं झालं, त्यांनी काय बदललं, सही. रोज रात्री पानाचा फोटो डॉक्टरांना पाठवायचा आणि त्यांनी पाहून सही केलेली प्रत मागवायची. प्रत्यक्षात काय झालं? डॉक्टर रोज बोलले, तक्ता कोणी ठेवला नाही, आणि पंधराव्या दिवशी एका बैठकीत चौदा ओळी भरल्या. एकच पेन, एकच कल, ऑक्सिजन चौदाही दिवस ९७. असा तक्ता बघून तपासणाऱ्याला शंका आली तर त्याला दोष देता येत नाही. खऱ्या आजाराचे आकडे वरखाली होतात.

साध्या मेडिक्लेममध्येही 'डोमिसिलियरी' नावाने घरच्या उपचाराचं कलम असतं, पण ते वेगळं. रुग्ण हलवण्याच्या स्थितीत नाही किंवा हॉस्पिटलात जागाच नाही, अशी अट तिथे असते, आणि बहुधा तीन दिवसांहून जास्त उपचार लागतात. जुन्या पॉलिसींत दमा, ब्राँकायटिस, सर्दी-खोकला, फ्लू त्यातून वगळलेले असत. बेड नसल्याचा आधार घ्यायचा तर त्याचाही माग ठेवावा लागतो: महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनला किंवा वॉर्डाच्या वॉर रूमला किती वाजता फोन केला, काय उत्तर मिळालं. कॉल लॉगचा स्क्रीनशॉट इथे खरंच कामाला येतो, तारीख दिसते आहे एवढं बघा.

कंपनीकडून ग्रुप पॉलिसी असलेल्यांना बहुतेक एखादं अ‍ॅप मिळतं, त्यात डॉक्टरांशी बोलणं फुकट किंवा वर्षाला ठरावीक वेळा. चिठ्ठी आणि नोंद तिथे आपोआप तयार होते, हा मोठा फायदा. पण ओटीपी कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर येतो आणि रुग्ण असतो आई किंवा बाबा, दुसऱ्या घरी. मीटिंगमध्ये फोन सायलेंट राहिला की अपॉइंटमेंट गेली. शिवाय अ‍ॅप आपोआप कर्मचाऱ्याचंच प्रोफाइल उघडतं, 'कोणासाठी' हे बदलायचं राहतं आणि ६८ वर्षांच्या वडिलांची चिठ्ठी ३४ वर्षांच्या मुलाच्या नावाने निघते. कॉल संपायच्या आत वय वाचा, तेव्हाच दुरुस्त होते.

ईएसआयवाल्यांचं, म्हणजे कामगार विमा योजनेतल्यांचं, गणित निराळं. तिथे औषधोपचार विमा दवाखान्यातून, आणि आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के भत्ता, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. तो भत्ता सर्टिफिकेटवर मिळतो. खासगी डॉक्टर फोनवर 'आठ दिवस आराम करा' म्हणाले, एवढ्यावर तो निघत नाही. लॉकडाऊनमध्ये बाहेरच्या केमिस्टकडून औषधं घेऊन पैसे परत मागण्याची सोय ईएसआयने दिली होती. तिथेही बिलाला चिठ्ठी जोडलेलीच लागते.

क्वेरी आलीच तर

घाबरून सगळी फाइल पुन्हा पाठवू नका. क्वेरीत जे विचारलं तेवढंच, क्लेम नंबर वर लिहून, ईमेलने पाठवा. 'कन्सल्टेशन पेपर मिळाला नाही' अशी क्वेरी असेल तर डॉक्टरांकडे जा. टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार कॉल आणि मेसेजच्या नोंदी, रिपोर्ट, चिठ्ठीची प्रत जपणं हे त्यांचंही काम आहे. त्यांच्या नोंदीवरून ते आज सर्टिफिकेट देऊ शकतात.

त्या सर्टिफिकेटवर मागची तारीख घालायचा मोह मात्र आवरा. त्या दिवशी दवाखाना बंद होता, लेटरहेडवरचा फोन नंबर नंतर बदललेला आहे, पावतीचा नंबर पुढच्या महिन्यातला आहे, अशा बारीक गोष्टींत ते उघडं पडतं. मग नऊशे रुपयांपायी सबंध क्लेमवर खोटेपणाचा शिक्का बसतो. आजचीच तारीख घाला आणि मजकूर सरळ लिहून घ्या: 'माझ्या नोंदीनुसार या रुग्णास दि. १४, १६ व १८ जुलै रोजी दूरध्वनीवरून सल्ला दिला. तक्रार १२ जुलैपासून ताप व खोकला. १६ रोजी स्वॅब तपासणी सांगितली. प्रत्येकी रु. ३०० फी मिळाली.' सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर. सोबत त्या तीन दिवसांचा कॉल लॉग आणि बँक स्टेटमेंटमधल्या तीन ओळी.

तरीही नाकारलं तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जा. तिथे नकार आला किंवा महिनाभर उत्तरच नाही, तर विमा लोकपाल. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला, एस. व्ही. रोडवर, जीवन सेवा अ‍ॅनेक्समध्ये आहे. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. फी नाही, वकील लागत नाही. अर्जाला कंपनीचं नकाराचं पत्र, पॉलिसीचं ते पान आणि वरचं सर्टिफिकेट जोडा, आणि सगळ्याची एक प्रत पोच घेऊन स्वतःकडे ठेवा.